वादळ यायच्या आधीचे दोन दिवस : पुरी, मे २०१९

आजचा विषय सुट्टीचा आहे, पण सुट्टीतल्या मजेचा नाही. घरची माणसं घेऊन तुम्ही समुद्रकाठी गेला आहात, परतीचं तिकीट अजून तीन दिवसांनी आहे, आणि समुद्रात चक्रीवादळ तयार झालं आहे. निघायचं की थांबायचं? निघायचं तर कधी, आणि कुठल्या दिशेला? हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. लोक पहिल्यावरच इतका वाद घालतात की उरलेल्या दोन प्रश्नांना वेळच उरत नाही.

उदाहरण घेऊ फनी वादळाचं. एप्रिल-मे २०१९. आम्ही सात जण सिकंदराबादहून पुरीला गेलो होतो. मी, सौ., मुलगी, जावई, नऊ आणि पाच वर्षांची दोन नातवंडं, आणि आमच्या थोरल्या वहिनी. वहिनींचं वय तेव्हा शहात्तर, गुडघे दुखरे, आणि जगन्नाथाचं दर्शन ही त्यांची कित्येक वर्षांची इच्छा. आम्ही गाडीत बसलो तेव्हा वादळाला नुकतंच नाव मिळालं होतं आणि अंदाज त्याचा रोख तमिळनाडू-आंध्रकडे असल्याचं सांगत होते. पुढे ते उत्तरेला वळणार हे स्पष्ट होत गेलं. नाव बांगलादेशाने सुचवलेलं, अर्थ सापाचा फणा. टीव्हीवर कोणी फनी म्हणे, कोणी फोनी. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, फणी म्हणजे केस विंचरायला येतंय की काय?" सगळे हसलो. विनोद वाईट नव्हता. त्या किनाऱ्यावरची सुरूची बनं त्याने खरोखर विंचरून काढली.

आता समुद्राकडे बघू, कारण वादळाची पहिली बातमी बहुतेक वेळा तोच देतो. ३० एप्रिलच्या सकाळी पुरीला ऊन होतं, वारा बेताचा, आकाश जवळजवळ निरभ्र. किनाऱ्यावर उंटवाले, चहावाले, फोटोवाले सगळे धंद्यावर. पण लाटा बदलल्या होत्या. नातवाला मी घड्याळ दिलं आणि म्हटलं, एक लाट फुटली की पुढची फुटेपर्यंत सेकंद मोज. आदल्या दिवशी सात-आठ सेकंद यायचे. आता तेरा-चौदा येत होते.

हे का होतं ते समजून घ्या. जवळच्या वाऱ्याने उठणाऱ्या लाटा आखूड असतात, एकामागोमाग एक येतात. शेकडो किलोमीटर दूर असलेलं वादळ मात्र लांब लाटा पाठवतं. तेरा-चौदा सेकंदांच्या लाटांचा जोर खोल समुद्रातून तासाला पस्तीस-चाळीस किलोमीटर वेगाने प्रवास करतो. आपल्या उपसागरातलं वादळ स्वतः बरेचदा तासाला दहा-वीस किलोमीटरनेच सरकतं. म्हणजे वादळाच्या आत वारा कितीही भयानक फिरत असला तरी त्याने पाठवलेल्या लाटा त्याच्या खूप आधी किनाऱ्याला लागतात. अशा लाटेत पाणी जास्त असतं. ती उथळ जागी येऊन उंच होते, लांबवर वाळूवर चढते, आणि तेवढंच पाणी मग जोराने माघारी ओढलं जातं. दोन लाटांमध्ये समुद्र शांत वाटतो. त्या शांततेला भुलून पोरं गुडघाभर पाण्यात उभी राहतात, आणि परतीचा ओढा त्यांच्या पायाखालची वाळूच काढून नेतो. पुरीचा किनारा एरवीही ओढीसाठी कुप्रसिद्ध आहे. तिथे नोलिया म्हणून कोळी समाजाची माणसं असतात, डोक्यावर पांढरी टोकदार टोपी, पर्यटकांना हाताला धरून समुद्रस्नान घडवतात. त्या सकाळी आमच्या नोलियाने पोरांना पाण्यात न्यायला सरळ नकार दिला. पैसे बुडत होते त्याचे. तरी नाही म्हणाला. असा माणूस नाही म्हणतो तेव्हा त्याच्याशी घासाघीस करू नये. मोठ्या लाटांचे इशारे हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था देते. ते वादळाच्या इशाऱ्याहून वेगळे असतात, आणि ऊन पडलेल्या दिवशीही लागू असतात.

आमच्या खोलीत १ मेच्या दुपारी बैठक झाली. जावयाचं म्हणणं असं : "बाबा, हॉटेल काँक्रीटचं आहे, तीन मजली आहे, रस्त्यावर धावपळ करण्यापेक्षा इथेच दार लावून बसू." हे म्हणणं खुळचट नाही. पुष्कळदा इमारतीत थांबणं हेच शहाणपण असतं, विशेषतः उशीर झाला असेल तर. पण त्यात वादळाच्या दुसऱ्या दिवसाचा हिशोब नव्हता. इमारत उभी राहील हो. वीज जाते, मग पंप बंद, मग नळ बंद, लिफ्ट बंद. जनरेटरचं डिझेल एक-दोन दिवस पुरतं. मोबाइलचे मनोरे पडतात, म्हणजे कार्ड चालत नाही, एटीएम चालत नाही. रस्त्यावर झाडं. शहात्तर वर्षांच्या बाईला रक्तदाबाच्या गोळ्या लागतात आणि पाच वर्षांच्या पोराला दूध. पुढे पुरीत तसंच झालं. काही भागांत वीज यायला आठवडे लागले. सुट्टीवर आलेल्या सात माणसांनी तिथे राहणं म्हणजे गावाच्या मोजक्या पाण्यात आणि अन्नात आणखी सात वाटेकरी.

मी हे दुसऱ्या बाजूनेही पाहिलं होतं. ऑक्टोबर १९९९च्या महाचक्रीवादळानंतर आमची तुकडी मदतीला जगतसिंहपूर जिल्ह्यात होती. वारा ताशी २६० किलोमीटर, समुद्र कित्येक किलोमीटर आत शिरलेला, सरकारी आकड्यांनुसार दहा हजारांच्या आसपास मृत्यू. एरसमाकडच्या रस्त्यांविषयी मी इथे बोलणार नाही, घरची लहान मुलंही हे ऐकतात. एवढंच सांगतो, तिथे तेव्हा इशारा पोचला तरी जायला जागा नव्हती.

आता वेळेचा हिशोब. फौजेत आम्ही हल्ल्याच्या वेळेला एच-अवर म्हणतो, आणि नियोजन त्या वेळेपासून उलटं मोजत आणतो. इथेही तेच करायचं. १ मेचा अंदाज होता की वादळ ३ मेच्या दुपारी पुरीजवळ किनाऱ्यावर येईल. समजा दुपारी तीन. पण रस्ता तीन वाजता बंद होत नाही. वादळाचा डोळा किनाऱ्याला लागण्याच्या दहा-बारा तास आधीच झाडं पाडण्याइतका वारा सुटलेला असू शकतो. म्हणजे पहाटेचे तीन. अंदाज पुढेमागे होतो, त्यासाठी सहा तास ठेवा. म्हणजे २ मेच्या रात्रीचे नऊ. अंधारात, पावसात, अनोळखी रस्त्यावर लहान मुलं घेऊन जायचं नाही, म्हणून संध्याकाळी सहाच्या आत मुक्कामी. प्रवास नऊ-दहा तासांचा, वर दोन तास अडचणींचे. म्हणजे २ मेच्या पहाटे निघायचं, आणि त्यासाठी सामान, हॉटेलचं बिल, गाड्या हे सगळं १ तारखेच्या संध्याकाळी. तीन तारखेच्या वादळाचा निर्णय घ्यायची शेवटची वेळ एक तारखेची दुपार होती. अठ्ठेचाळीस तास आधी.

आणि झालं काय? वादळ दुपारी आलंच नाही. ३ मे, शुक्रवार, सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान ते पुरीजवळ किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी १७५ ते १८० किलोमीटर, झोत २०५ पर्यंत. मी राखलेले सहा तास सगळेच्या सगळे खर्ची पडले.

याच कारणाने हवामान खात्याचे रंग नीट समजून घ्या. चक्रीवादळासाठी पिवळा साधारण अठ्ठेचाळीस तास आधी, नारंगी चोवीस तास आधी, आणि लाल बारा तास आधी, तोही मुख्यतः वादळ जमिनीवर आल्यावर काय होईल ते सांगणारा. पर्यटकासाठी पिवळा हाच कामाचा रंग. लाल दिसल्यावर पेटी भरायला घेणं म्हणजे गाडी सुटल्यावर फलाटावर पोचणं.

तिसरा प्रश्न दिशेचा, आणि यावर लोक सर्वांत कमी विचार करतात. पुरीहून निघायच्या तीन वाटा. दक्षिणेला किनाऱ्याने विशाखापट्टणमकडे, म्हणजे आमच्या घराकडे. वादळ त्याच बाजूने वर येत होतं आणि त्या मार्गावरच्या गाड्या रद्द होऊ लागल्या होत्या. ईशान्येला हावड्याकडे. रेल्वेने २ मेला पुरीहून खास गाड्या सोडल्या आणि हजारो पर्यटकांना त्यांनी वेळेत बाहेर काढलं, हे उत्तम काम झालं. पण ज्याचं घर बंगालात नाही त्याने तिकडे का जावं? फनी किनारा चढून त्याच दिशेने गेलं आणि ३-४ मेच्या रात्री कमकुवत होऊन खरगपूरजवळून पुढे सरकलं. तिसरी वाट किनाऱ्याशी काटकोनात, सरळ आत : भुवनेश्वर, कटक, अंगुल, संबलपूर. जमिनीवर आलं की वादळाला समुद्राची ऊब मिळत नाही आणि ते झपाट्याने थकतं. शिवाय आपल्या गोलार्धात वारा घड्याळाच्या उलट फिरतो, त्यामुळे वादळाच्या वाटेच्या उजव्या हाताला वारा आणि समुद्राचं उधाण जास्त. पुरीत उजवा हात म्हणजे कोणार्क, अस्तरंग. म्हणून आम्ही आत जायचं ठरवलं.

दोन गाड्या संबलपूरपर्यंत ठरवल्या होत्या. रात्री त्यातला एक चालक भेटायला आला. घर कोणार्कच्या बाजूला, घरात म्हातारी आई, कच्चं छप्पर. संबलपूरला जाऊन परत यायला त्याला मध्यरात्र झाली असती. भाडं मोठं होतं, नाही म्हणायची त्याची तयारी नव्हती. फक्त विचारत होता की जरा लवकर निघता येईल का. मी दोन्ही गाड्या भुवनेश्वरपर्यंतच घेतल्या, साठ किलोमीटर. पहाटे पाचला निघालो, बारामुंडा बसस्थानकावर त्यांना सोडलं, आणि तिथून संबलपूरची बस धरली. वहिनी तीनशे किलोमीटर बसच्या बाकावर गुडघा चोळत बसल्या, तक्रारीचा शब्द नाही. कटक ओलांडल्यावर एवढंच म्हणाल्या, "त्याची आई पोचली असेल ना हो?" वादळानंतर नऊ दिवस त्याचा फोन लागला नाही. दहाव्या दिवशी त्यानेच केला. छप्पर गेलं, नारळ गेले, माणसं शाळेत हलवली होती म्हणून सगळी सुखरूप.

त्या दोन दिवसांत ओडिशाने सुमारे बारा लाख माणसं सुरक्षित जागी हलवली. मोबाइलवर लाखो संदेश, गावोगाव भोंगे, स्वयंसेवक, आणि १९९९ नंतर किनाऱ्याने बांधलेली शेकडो चक्रीवादळ निवारा केंद्रं. ओडिशात ६४ मृत्यू झाले. चौसष्ट घरं उद्ध्वस्त झाली, ते कमी नव्हे. पण १९९९ पाहिलेल्या माणसाला हा आकडा वाचून खुर्चीत बसावं लागतं.

निघता आलंच नाही तर? समुद्राकडे काचा असलेली खोली सोडा. तळमजला पाण्यासाठी वाईट, वरचा मजला वाऱ्यासाठी. मधल्या मजल्यावरची आतली, लहान, खिडकी नसलेली जागा बघा, न्हाणीघरही चालेल. बादल्या, टब, बाटल्या आदल्या रात्रीच भरा. रोख रक्कम जवळ ठेवा. आणि वारा अचानक थांबला, वर उजेड आला, तर बाहेर पाऊल टाकू नका. तो वादळाचा डोळा असू शकतो. काही मिनिटांनी वारा उलट दिशेने, तितक्याच जोराने येतो, आणि पहिल्या फेरीत खिळखिळं झालेलं सगळं दुसऱ्या फेरीत उडतं.

हॉटेलवाल्याने उरलेल्या दोन रात्रींचे पैसे परत दिले नाहीत. जावयाला ते फार लागलं. मला नाही, कारण तो हिशोब मी निघतानाच सोडून दिला होता. तिकिटाचं म्हणाल तर रेल्वेने स्वतः गाडी रद्द केली की पूर्ण पैसे मिळतात.

हे फक्त पूर्व किनाऱ्याचं आहे असं समजू नका. वादळांचे आपल्याकडे दोन हंगाम. पावसाळ्याच्या आधी एप्रिल ते जून, नंतर ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे नेमकी आपली उन्हाळी आणि दिवाळीची सुट्टी. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला आलं आणि नारळी-पोफळीच्या बागा झोपवून गेलं, मे २०२१ मध्ये तौक्ते गोवा-कोकणाला घासत गुजरातला गेलं. तेव्हा किनाऱ्यावरची खोली ठरवताना नाश्ता मिळतो का हे विचारता, तसंच जनरेटर किती तास चालतो, पाण्याची टाकी कुठे आहे, आणि जवळचं निवारा केंद्र कोणतं, हेही विचारा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ओडिशात हॉटेलातल्या पोऱ्यालाही माहीत असतं. कोकणात विचारून बघा आणि मला कळवा.

पुढच्या भागात रस्त्यावर पुराचं पाणी आलं तर गाडी कुठे थांबवायची ते बघू. नमस्कार.