इंग्रजीच्या मास्तरांचा सहकार



दहावीचा निकाल लागला की गावच्या पारावर एक वाक्य हमखास कानी पडते : "पोरगं बाकी साऱ्यात पास झालं, पन इंग्रजीनं घात केला." पुढे तंत्रनिकेतन असो की अकोल्याचे कृषी विद्यापीठ, इंग्रजी कच्चे राहिले की पोराची गाडी अडते. मग कोणी मुलाला बोल लावतो, कोणी मास्तरला. मात्र त्या मास्तरची अडचण काय, हे आपण क्वचितच विचारतो.

खेड्यातल्या हायस्कुलात इंग्रजीचा शिक्षक बहुधा एकटाच असतो. धडा मुलांच्या गळी उतरला नाही तर त्याने सल्ला कोणाचा घ्यावा? पाठ्यपुस्तक बालभारतीचे, साऱ्या राज्याला एकच. वर्ग मात्र गावागणिक निराळा. आपल्या वऱ्हाडातले मूल घरी 'मले-तुले' बोलते, शाळेत 'मला-तुला' शिकते आणि त्यावर इंग्रजीचा मजला चढवायचा असतो. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू मुलाची पायरी आणखी उंच. त्याची घरची बोली मुंडा कुळातली, मराठीशी तिचे नातेच नाही. मराठी शाळांत पूर्वी इंग्रजी पाचवीपासून असे. २००० सालापासून ते पहिलीपासून सुरू झाले. वर्षे वाढली, पण नुसती वर्षे वाढल्याने भाषा येत नाही. ती शिकवण्याची हातोटी लागते.

एकत्र बसण्याचा उपाय

ही हातोटी एकमेकांकडून घ्यावी, म्हणून माध्यमिक शाळांचे इंग्रजी शिक्षक एकत्र बसू लागले. केंद्राचे राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान २००९ साली सुरू झाले. त्या अभियानाखाली आपल्या राज्यात 'चेस' नावाचा उपक्रम निघाला. नाव बुद्धिबळाचे, अर्थ मात्र 'माध्यमिक शाळांतील इंग्रजी शिक्षकांना सतत साहाय्य' असा. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) राज्य इंग्रजी संस्थेचा त्यात मोठा वाटा होता. 'इंग्लिश टीचर्स फोरम' या नावाने शिक्षकांच्या बैठका भरू लागल्या. प्राथमिक शिक्षकांसाठी राज्य शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी मिळून २०१६ साली 'तेजस' उपक्रम हाती घेतला; त्यातही शिक्षकांचे गट करून नियमित भेटणे हाच गाभा होता. पुढे २०१८ साली माध्यमिक अभियान 'समग्र शिक्षा'त विलीन झाले. योजना येतात, नावे बदलतात. पण एकत्र बसण्याला योजनेची वाट पाहावी लागत नाही.

बैठकीत देवघेव कशाची?

एक साधा खेळ घ्या. दोन मुले समोरासमोर बसवायची. एकाच्या हाती बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, शेगाव या स्टेशनांवरच्या गाड्यांच्या वेळा लिहिलेला कागद. दुसऱ्याला शेगावला जायचे आहे, पण वेळ ठाऊक नाही. त्याने इंग्रजीतच विचारायचे, पहिल्याने इंग्रजीतच सांगायचे. इथे पाठांतर कामाचे नाही. खरोखर हवी असलेली माहिती मागावी लागते. हा विचार आजचा नव्हे. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगलोर, मद्रास वगैरे ठिकाणच्या काही साध्या शाळांत हेच करून पाहिले. व्याकरणाचे नियम आधी पाठ करून घेण्याऐवजी त्यांनी मुलांपुढे वेळापत्रके, नकाशे असे डोके चालवण्याचे काम ठेवले. काम करता करता भाषा येते, हा त्यांचा सिद्धांत पुढे जगभर चर्चिला गेला.

आता साठ मुलांच्या वर्गात हा खेळ मांडला तर गोंगाट होणारच. बैठकीचा उपयोग नेमका इथे. कोणी सांगतो, पुढच्या बाकावरच्यांना मागे वळवून बसवा, बाक हलवूच नका. कोणी म्हणतो, आधी दोन मुलांकडून फळ्यापाशी करून घ्या, मग साऱ्या वर्गाला द्या. हे पुस्तकात सापडेलच असे नाही, करून पाहिलेल्या माणसाकडे हमखास सापडते.

दुसरे उदाहरण तर आपल्या घरातले. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर इंग्रजी मजकूर असतो, रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. तो मजकूर फळ्यावर उतरवून वाचून घेतला तर तोही इंग्रजीचा तास झाला. (डबा मात्र वर्गात आणायचा नाही!) २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. त्यामागे कारणे अनेक होती. पण घरात एक तरी लेकरू डब्यावरची सूचना वाचून बापाला समजावून सांगणारे असावे, हे कोणीही मान्य करील.

बेण्यासारखे

सहकार म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. को ८६०३२ चे बेणे एका शेतातून दुसऱ्या शेतात गेले. ज्याने दिले त्याचा ऊस काही कमी झाला नाही. शिक्षणातली युक्ती तशीच आहे. फरक इतकाच की बेणे आपल्या जमिनीत लावून पाहावे लागते. म्हणून बैठकीला येताना प्रत्येकाने स्वतः वर्गात करून पाहिलेला एक पाठ आणावा, तो कुठे फसला तेही मोकळेपणी सांगावे, आणि इथून नेलेला पाठ करून पाहून पुढच्या बैठकीत त्याचा जाब द्यावा. हे भागभांडवल जमा झाले नाही तर परिपत्रकाचे वाचन, चहा आणि सही एवढ्यावरच बैठक उरकते. फोनवर गट आहेत, तिथे पाठांचे कागद धडाधड येतात. पण शेजारी बसून "हे तुमच्या वर्गात कसं जमलं?" असे विचारण्याची सर त्याला नाही.

आपण काय करावे?

आपल्यापैकी कित्येक सभासद गावच्या शिक्षणसंस्थेवर किंवा शाळेच्या समितीवर आहेत. त्यांनी तीन गोष्टी मनावर घ्याव्यात. सत्रातून एक दिवस इंग्रजी शिक्षकाला बैठकीसाठी मोकळे करावे. त्याला रजा म्हणून कापू नये. आळीपाळीने आपल्या शाळेची खोली द्यावी आणि येणाऱ्यांच्या जेवणाची सोय करावी. आणि परत आलेल्या शिक्षकाला "काय नवे आणले?" असे आपुलकीने विचारावे.

डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला वसतिगृह काढले, शिवाजी शिक्षणसंस्था उभी केली, ती कुणब्याचे पोर शिकावे म्हणून. पोरे शाळेपर्यंत पोचली. आता ती इंग्रजीपाशी अडू नयेत, एवढे काम आपल्याकडे आले आहे. त्याला मोठा निधी नको; मास्तरांना एकत्र बसू देण्याचे मन हवे.