माहीमचे मामा, पालघरचे कॉलेज

पालघर स्टेशनपासून खारेकुरण रोडवरचं कॉलेज सगळ्यांच्या तोंडी ‘दांडेकर’ एवढंच आहे. बोईसरहून लोकलने येणारी, तारापूरच्या कारखान्यांत आई-वडील कामाला असलेली मुलं इथे शिकतात. पाटीवर मात्र तीन नावं आहेत: सोनोपंत दांडेकर कला, व्ही. एस. आपटे वाणिज्य आणि एम. एच. मेहता विज्ञान महाविद्यालय. त्यांतले पहिले, शंकर वामन ऊर्फ सोनोपंत दांडेकर, इथल्याच केळवे-माहीमचे. जन्म 1896चा. महाराष्ट्र त्यांना ‘मामा’ म्हणतो.

मामांची कर्मभूमी पुणे. स. प. महाविद्यालयात ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, पुढे तिथेच प्राचार्य झाले. प्राध्यापकाने प्रशासनाच्या खुर्चीवर बसावं की वर्गातच राहावं, हा वाद जुना आहे. मामांवर ज्यांचा प्रभाव होता ते गुरुदेव रानडेही तत्त्वज्ञानाच्या वर्गातूनच अलाहाबाद विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत गेले होते. मामांना तर वर्ग आणि खुर्ची यांपलीकडे तिसरं घरही होतं: विष्णुबुवा जोगांनी 1917 साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून ते तिच्याशी जोडलेले. आजन्म ब्रह्मचारी, पायी वारी करणारे, कीर्तनाला उभे राहणारे प्राचार्य! आजच्या प्राचार्यांना नॅक मूल्यांकनाच्या फायलींतून मान वर काढायला फुरसत नसते, म्हणून हे सांगितलं.

त्यांची ‘सार्थ ज्ञानेश्वरी’ पारायणाच्या मांडवात हमखास दिसते. ओवी आणि तिचा सरळ गद्य अर्थ. पोथीचा धाक वाटत नाही. अवघड जागी वाचकाला अडवायचं नाही, हा वर्गात मुरलेल्या मास्तराचा हात त्यात दिसतो. पण मामांवर लिहिणारे बहुतेक जण इथेच, वारी-कीर्तनात, रमतात. त्यांनी ‘ज्ञानदेव आणि प्लेटो’ हे पुस्तकही लिहिलंय, ते सहसा कुणी काढत नाही. राज्य कोणी करावं, तर तत्त्वज्ञाने, असं म्हणणारा तो प्लेटो राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला आजही चुकत नाही. त्याला आळंदीच्या ज्ञानदेवांशेजारी बसवायचं धाडस माहीमच्या या माणसाने केलं. माझ्या मते मामांचं खरं वेगळेपण इथे आहे. कीर्तनकार महाराष्ट्रात पुष्कळ झाले.

माहीम पालघरहून हाकेच्या अंतरावर आहे. दांडेकर कॉलेजच्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांना एकच विनंती: यंदा प्लेटो शिकवताना गाइड बाजूला ठेवा आणि मामांचं ते पुस्तक वर्गात न्या.