सैल सॉकेट का जळतं?

मागच्या भाषणात आपण व्होल्टेज आणि विद्युतधारा म्हणजे काय ते पाहिलं. हे दोन आकडे हातात असले की आणखी दोन गोष्टी काढता येतात. व्होल्टेजला धारेने भागलं की मिळतो रोध, ओहममध्ये. हा संबंध जॉर्ज ओहम यांनी 1827 मध्ये मांडला. आणि दोघांचा गुणाकार केला की मिळते शक्ती, वॅटमध्ये.

आता घरातला गीझर घेऊ. समजा, 230 व्होल्टवर तो 8.7 अँपिअर धारा घेतो. 230 भागिले 8.7, म्हणजे रोध साधारण 26.4 ओहम. 230 गुणिले 8.7, म्हणजे शक्ती साधारण 2000 वॅट. इथपर्यंत सोपं आहे.

पण सॉकेटमधला स्क्रू सैल झाला आणि त्या जोडात फक्त 1 ओहम रोध आला तर? एकूण रोध झाला 27.4 ओहम, धारा उतरली 8.4 अँपिअरवर. त्या जोडावर व्होल्टेज पडलं 8.4 गुणिले 1, म्हणजे 8.4 व्होल्ट. आणि शक्ती? 8.4 गुणिले 8.4, सुमारे 70 वॅट. रेडिओ दुरुस्तीचं 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्नसुद्धा सोल्डर वितळवतं, हे लक्षात घ्या. इथे तर स्क्रूएवढ्या जागेत 70 वॅट उष्णता!

बरं, मग एमसीबी पडेल का? नाही. ती जास्त धारा ओळखते, आणि इथे धारा उलट कमी झाली आहे. म्हणून प्लग चटका देण्याइतका तापला किंवा सॉकेटवर तपकिरी डाग दिसला, की मेन स्विच बंद करून आपण वायरमनला बोलवायचं.