गोठ्यातली जीप भंगारात देण्याआधी चासीचा नंबर वाचा

बेळगाव : "आजोबांची विलीज गोठ्यात पडून आहे, भंगारवाला मागतोय, देऊन टाकू काय?" असा फोन मला वर्षातून तीन-चार वेळा तरी येतो. मी काही मेकॅनिक नव्हे, बी.कॉम. झालेला बातमीदार. पण मामांच्या जीपच्या कागदांसाठी दोन राज्यांतल्या कचेऱ्यांत हेलपाटे घातले, तेव्हापासून ओळखीपाळखीत मला जीपवाला समजतात. फोनवर मी आधी एकच विचारतो. चासीवरचा नंबर वाचलात का? बहुतेकांनी वाचलेला नसतो. आणि वाचून फोटो पाठवला की कितीतरी वेळा ती विलीज नसतेच.

आपल्या भागात चौकोनी तोंडाची, उघड्या अंगाची कुठलीही गाडी म्हणजे विलीज. पण नाव एक असलं तरी गाड्या वेगळ्या, त्यांची किंमत वेगळी आणि कायद्याच्या नजरेत त्यांचं स्थानही वेगळं.

१९४० साली अमेरिकी लष्कराला चारही चाकांना ताकद देणारी हलकी गाडी हवी होती. पेनसिल्व्हेनियातल्या बँटम नावाच्या लहानशा कंपनीनं ४९ दिवसांत नमुना करून दाखवला. पण युद्धाला पुरतील एवढ्या गाड्या काढणं तिच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून मोठं काम विलीज-ओव्हरलँड आणि फोर्डकडे गेलं. विलीजची ती एमबी, फोर्डची जीपीडब्ल्यू. १९४५ पर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांवर गाड्या काढल्या. ब्रह्मदेशच्या आघाडीमुळे भारतातही त्या आल्या आणि युद्ध संपल्यावर उरलेल्या लष्करी मालाबरोबर विकल्या गेल्या.

दुसरी वाट मुंबईची. १९४५ साली सुरू झालेल्या महिंद्र अँड मोहम्मद कंपनीतले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. त्याच सुमाराला माझगावात सुट्या भागांतून विलीज जीप जोडायला सुरुवात झाली. बीडीओची, फॉरेस्टवाल्यांची, साखर कारखान्याच्या चेअरमनची जीप म्हणून आपण जी पाहिली, ती बहुतेक या दुसऱ्या वाटेनं आलेली.

ओळखायचं कसं? युद्धातल्या गाडीच्या पुढच्या ग्रिलमध्ये नऊ फटी असतात, युद्धानंतरच्या मुलकी विलीजमध्ये सात. युद्धातल्या गाडीला मागं उघडणारं फळकं नसतं, सरळ बंद पत्रा असतो आणि त्यावर स्टेपनी. तिचे दिवे लहान आणि ग्रिलच्या आत बसवलेले. रात्री इंजिन बघता यावं म्हणून ते उलटे फिरवता येतात, ही युक्ती मला फार आवडते. बॉनेट उंच आणि डब्यासारखं दिसलं, तर ती सीजे-३बी. तिच्या हरिकेन इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आहेत, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेटही वर उचलावं लागलं. दिसायला थोडी बेढब, पण आपल्या रस्त्यांना टिकली ती हीच.

एमबी आणि जीपीडब्ल्यूमधला फरक खाली वाकून बघावा लागतो. रेडिएटरच्या खालचा चासीचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर विलीज, पालथ्या पन्हाळीसारखा असेल तर फोर्ड. फोर्डनं आपल्या बोल्टांवरसुद्धा इंग्रजी एफ अक्षर ठोकलंय. एमबीचा चासी नंबर पुढच्या बंपरमागं डाव्या पट्टीच्या आतल्या बाजूला रिबीट केलेल्या पत्रीवर असतो. जीपीडब्ल्यूचा त्याच डाव्या पट्टीच्या वरच्या अंगाला थेट लोखंडात ठोकलेला असतो. ऐंशी वर्षांची माती आणि ग्रीस बसलेलं असतं, तेव्हा रॉकेल आणि ब्रश घ्या. ग्राइंडर लावू नका. मी एक चासी बघितलीय, हौसेनं ग्राइंडर मारून साफ केलेली. गंज गेला आणि नंबरही गेला.

आपल्याकडे "लष्कराच्या लिलावातली" असं सांगून जास्त पैसे मागायची पद्धत आहे. बेळगावात १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, त्यामुळे ते लगेच पटतंही. लष्करातली जीप म्हणजे साधी गोष्ट नव्हेच. १९६५ च्या युद्धात असल उत्तरला अब्दुल हमीद यांनी रणगाडे फोडले, ते जीपवर बसवलेल्या १०६ मिमी तोफेनं. पण लष्करातून आलेली प्रत्येक गाडी विलीज नसते. लांबरुंद, सहा सिलिंडरची, चार लिटरच्या पेट्रोल इंजिनाची असेल तर ती जोंगा. निसान पेट्रोलवरून जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९६९ पासून पुढं तीसेक वर्षं ती निघत होती. तिचा इतिहास तिच्या जागी मोठा आहे, तिला विलीज म्हणून खपवायची काही गरज नाही.

आता पैशाचा आणि कायद्याचा भाग. केंद्रानं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २० हजार, पुढच्या नोंदणीची ५ हजार, मुदत १० वर्षं. जुना नंबर असेल तर तोच ठेवता येतो, नवा घेतला तर त्यात व्हीए ही अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, अभ्यास, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेणं, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. म्हणजे जीपनं रोज शेतावर जायचं असेल, तर हा रस्ता तुमचा नाही. नेहमीची आरसी दर पाच वर्षांनी रिन्यू करत राहणं बरं.

अडचण पुढच्या अटीत आहे. गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. आणि आपल्या भागातली बदल न झालेली जीप शोधायची म्हणजे... १९७३ नंतर पेट्रोल महागलं. पेट्रोल जीप ठेवणं परवडेना, तेव्हा गावोगावच्या मिस्त्र्यांनी त्यांत डिझेल इंजिनं बसवली. मॅटाडोरचं इंजिन तर फार चाललं. पुढं कंपनीनंच प्यूजोच्या घराण्यातलं डिझेल इंजिन घालून एमएम-५४० काढली. तोवर जुन्या जीपांची पेट्रोल इंजिनं कुठं विहिरीवर, कुठं भंगारात गेली होती.

शहरातले हौशी लोक अशा डिझेल जीपला नाक मुरडतात. मला ते पटत नाही. बेळगाव-चंदगड पट्ट्यात ही गाडी माणसं, खत, दूध आणि अडलेल्या बायकांना घेऊन तीस-चाळीस वर्षं पळाली, ती मॅटाडोरच्या इंजिनामुळेच. तो बदल हाही त्या गाडीचा इतिहासच आहे. पण नियमाच्या भाषेत तो बदलच, आणि आरसीच्या इंधनाच्या रकान्यात "पेट्रोल" असताना टाकीत डिझेल असेल तर हिशेब जुळत नाही. आमच्या कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर खातेवहीत एक आणि तिजोरीत दुसरंच.

आणखी एक मेख. मुदत पहिल्या नोंदणीपासून मोजायची. १९४४ ची गाडी लष्करानं १९८० मध्ये लिलावात काढली आणि तेव्हा तिची पहिली मुलकी नोंद झाली, तर कागदावर बोट ठेवणारा अधिकारी ५० वर्षं १९८० पासून मोजू शकतो. म्हणून लिलावाची पावती, जुनं आरसी बुक, टॅक्सच्या चिठ्ठ्या, काहीही टाकू नका.

सीमाभागात कागदांचा गुंता जास्त. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ ला राज्याचं नाव कर्नाटक झालं. १९५२ साली घेतलेल्या जीपनं घराचा उंबरठा न ओलांडता दोन राज्यं बघितली. गोव्यातल्या १९६१ आधीच्या गाड्यांची तर पहिली नोंदच पोर्तुगीज अमलातली. त्यात आपले सोयरेधायरे दोन्हीकडचे. गाडी कोल्हापूरच्या नावावर, उभी खानापुरात, वारस एक निपाणीला आणि एक पेडण्याला. कायदा सांगतो, दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवली तर तिथला नंबर घ्यायचा. त्यासाठी आधी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. अर्ज केल्यावर ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर एनओसी मिळाली असं धरायचं, असं कलम ४८ म्हणतं. ते कागदावर. मालक वारले असतील तर वारसानं आधी फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची. हे न करता चार हात बदललेल्या जीपा आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्याच नेमक्या स्वस्तात विकायला येतात.

मामांची जीप यातलीच. आजोबांनी १९६० च्या दशकात घेतलेली सीजे-३बी, नोंद पलीकडच्या राज्यातली, गाडी खानापूर तालुक्यात. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी आरसी त्यांच्याच नावावर. मी गेलो तेव्हा कळलं, तिची नोंद हातानं लिहिलेल्या रजिस्टरात आहे, कॉम्प्युटरवर चढलेलीच नाही. ती चढवून घ्यायला पाच खेपा झाल्या. रजिस्टर सापडेपर्यंत तिथला कारकून मला "गाडी नाहीच" असं ठामपणे सांगत होता. जुनं आरसी बुक मामींनी दागिन्यांच्या डब्यात जपून ठेवलं नसतं, तर त्याचंच खरं झालं असतं.

दुरुस्तीबद्दल थोडंच सांगतो. चासी मागच्या आडव्या पट्टीपाशी आणि बॉडीचा तळपत्रा आधी सडतो. युद्धातल्या गाड्यांच्या तळाखालच्या पन्हाळीत लाकूड भरलेलं असतं, ते पाणी धरून ठेवतं आणि आतून पत्रा खातं. पत्रा नवा बसवता येतो, पाटे नवे मिळतात, सीजे-३बीचं सामान कुर्ल्याला किंवा दिल्लीच्या मायापुरीत शोधलं तर मिळतं. मिळत नाहीत त्या डॅशबोर्डवरच्या मूळ पत्र्या आणि नंबर. रंग काढण्याआधी सगळ्याचे फोटो घ्या, जुन्या रंगाचा एक तुकडा कुठेतरी तसाच राहू द्या. आणि लष्करी हिरवा रंग मारून बॉनेटवर पांढरा तारा काढायचा मोह होतो, तो आवरा. मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. शिवाय एमएम-५४० ला तारा काढून १९४२ ची म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे. ग्रिलच्या फटी मोजल्या की उघडी पडते.

मामांची जीप आता मामांच्या नावावर झालीय. एनओसीचं अजून चाललंय. इंजिन मॅटाडोरचं, म्हणून व्हिंटेजचा विषय आम्ही सोडून दिला होता. दिवाळीत गोठ्यामागची सरपणाची मोळी हलवताना खाली गोणपाटात गुंडाळलेलं जुनं हरिकेन इंजिन निघालं. आजोबांनी १९८४ साली बदललेलं, विकलं नव्हतं. मिस्त्रींनी ब्लॉक पुसला, मी आरसी बुक उघडलं, मामांनी चष्मा लावून एकेक आकडा वाचला. नंबर तोच.

दोन सिलिंडर जाम आहेत. गेले तीन आठवडे मिस्त्री त्यात तेल सोडून बसलेत, पिस्टन अजून सुटलेलं नाही.