वजनकाटा नव्हे, शिंप्याचा टेप

गावातल्या जुन्या शिंप्याकडे मापांची एक वही असायची. नावापुढे छाती, कंबर, लांबी. जानेफळसारख्या बाजारपेठेच्या गावात दिवाळीला नाहीतर घरच्या लग्नाला कपडे शिवायला टाकले जायचे, तेव्हा ही वही भरत जायची. कमरेचे माप मागच्या वर्षीपेक्षा वाढले असले तर शिंपी हसून सांगायचा, ‘भाऊ, दोन बोटं सोडावी लागतील.’ आता बहुतेक जण तयार पँट घेतात. ३२ची ३४ कधी झाली आणि ३४ची ३६ कधी, हे घालणाऱ्याच्याही लक्षात राहत नाही.

मेहकर तालुक्यात कुठेही लठ्ठपणाचा विषय काढला तर ऐकणारा हसण्यावारी नेतो. लठ्ठपणा पुण्या-मुंबईचा, खुर्चीत बसणाऱ्यांचा, पिझ्झा खाणाऱ्यांचा. ‘आम्ही वावरात राबणारी माणसं, आम्हाले कायचा व्यायाम?’ बोलणारा दिसायला काटक असतो. हातपाय बारीक, गाल आत गेलेले, वजन ६०-६२ किलो. मात्र सदऱ्याखाली नाभीच्या पातळीवर पोट पुढे आलेले असते. त्याला आपल्याकडे ‘खात्यापित्या घरचं’ म्हणायची रीत आहे, म्हणून ते कुणाला खटकत नाही.

आजचा विषय हेच पोट आहे.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली एक फोटो छापून आला होता. दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे, एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. त्या आकड्यावरून दोघेही तंदुरुस्त ठरतात. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते. आपला व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद व्हायच्या आत ते गाठायला पळणे, अशी गमतीशीर कबुली याज्ञिकांनी स्वतःच दिली होती. फरक व्यायामाचा होताच, पण तेवढ्याचाच नव्हता. भारतीय शरीराची घडणच अशी आहे की त्याच वजनात स्नायू कमी आणि चरबी जास्त बसते, आणि ती चरबी जाऊन साठते पोटात.

ही घडण कुठून येते, याचा शोध याच मंडळींनी महाराष्ट्राच्या खेड्यांत घेतला. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ साली एक अभ्यास सुरू झाला. गरोदर राहण्याआधीपासून बायकांच्या नोंदी घेतल्या, मग त्यांच्या बाळांच्या, आणि पुढे ती मुले मोठी होईपर्यंत. या आया सरासरी एकविशीच्या होत्या, पाच फुटांच्या आसपास उंची, वजन जेमतेम ४२ किलो. त्यांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळे साडेतीन किलोची. आपली बाळे लहान होती, यात नवल नव्हते. नवल पुढे होते. बाळाच्या अंगात स्नायू आणि पोटातले अवयव बरेच कमी भरले होते, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने जवळजवळ शाबूत होती. म्हणजे आईच्या पोटात अन्न कमी पडले तेव्हा शरीराने काटकसर स्नायूंवर केली आणि चरबी राखून ठेवली. बारीक दिसणारे, पण आतून चरबीकडे झुकलेले असे हे शरीर जन्मापासूनच तयार होते.

याच अभ्यासातल्या आणखी दोन नोंदी आपल्या भागातल्या प्रत्येक घराने वाचाव्यात अशा आहेत. ज्या आयांच्या जेवणात गरोदरपणी दूध, पालेभाज्या आणि फळे अधिक होती, त्यांची बाळे अधिक भरलेली जन्मली. आणि ज्यांना गरोदरपणीही शेतातली, घरातली जड कामे करावी लागली, त्यांची बाळे लहान राहिली. कष्टाने शरीर घडते हे खरे, पण कुणाच्या कष्टाने, कोणत्या दिवसांत आणि काय खाऊन, हेही विचारावे लागते. सातव्या महिन्यापर्यंत निंदायला जाणाऱ्या मजूर बाईला ‘शारीरिक हालचाल चांगली असते’ असे सांगणे ही थट्टाच आहे.

आता ते पुढे आलेले पोट इतके वाईट का? जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलून ठेवण्याचे सर्वांत मोठे कोठार म्हणजे आपले स्नायू. मांड्या, ढुंगण, पाठ. कोठार मुळात लहान आणि त्यात त्याला काम नाही, तर साखर रक्तातच घुटमळत राहते. ती आत ढकलायला स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडावे लागते. दुसरीकडे पोटातली चरबी यकृताभोवती आणि यकृतातही जमते, आणि इन्सुलिनचे म्हणणे यकृत ऐकेनासे होते. दहा-पंधरा वर्षे हे चालते तोवर दुखत काहीच नाही. चाळिशीत पायाची जखम भरत नाही, किंवा मोतीबिंदूच्या शिबिरात डोळा दाखवायला गेल्यावर रक्त तपासले जाते, तेव्हा साखर अडीचशे निघते.

हा शहरांचा आजार आहे, ही समजूतही आता सोडायला हवी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभरातल्या एक लाखाहून अधिक प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. मधुमेह शहरांत १६.४ टक्के आणि ग्रामीण भागात ८.९ टक्के, इतपत अंतर दिसले. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचे प्रमाण शहरात १५.४ आणि खेड्यात १५.२ टक्के निघाले. उंबरठ्यावर दोघे बरोबरीने उभे आहेत. पोटाचा लठ्ठपणा देशातल्या ३९.५ टक्के प्रौढांत होता, म्हणजे दहातल्या चौघांत.

वावरात राबणाऱ्याच्या पोटाची ही गत कशी झाली, याचे उत्तर वावरातच आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वी वखरणी बैलांमागे चालून व्हायची, पेरणी तिफणीने, डवरणी पुन्हा बैलांमागे. एका दिवसात माणूस कित्येक किलोमीटर ढेकळांतून चालायचा आणि त्याला ते चालणे वाटायचेही नाही. आता ट्रॅक्टर भाड्याने येतो, धनी धुऱ्यावर मोटारसायकल लावून मोबाइलवर बोलत उभा असतो. निंदणीच्या जागी तणनाशक आले. सोयाबीनची मळणी यंत्रावर होते आणि काही ठिकाणी सोंगणीलाही हार्वेस्टर उतरतो. विहिरीवरची मोटर घरून मोबाइलने सुरू होते. ते वाईट झाले असे म्हणायला मी धजावणार नाही, ज्याने मोट हाकली त्याला विचारा. पण शरीराचा हिशेब बदलला. ६० किलोच्या माणसाने सहा तास निंदण केले काय आणि सहा तास बसून काढले काय, ढोबळमानाने आठ-नऊशे कॅलरींचा फरक पडतो. साधारण चार भाकरींचा. काम गेले, पण भाकरी ताटातून गेल्या नाहीत, आणि वर तर्री, भजी, शेव येऊन बसली.

तेलाचा हिशेब घरच्या घरी करता येतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे माणशी वर्षाला १२ किलो तेल पुरे. पाच माणसांच्या घराला महिन्याला पाच किलो, म्हणजे १५ किलोचा डबा तीन महिने चालला पाहिजे. देशाचा प्रत्यक्ष वापर नीती आयोगाच्या अहवालानुसार माणशी १९ किलोच्या पुढे गेला आहे, तेव्हा तो डबा दोन महिनेही टिकत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून तेल दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले होते. आकडा बघता दहा टक्के ही सुरुवातच म्हणायची. आपल्या भागात तेलबियाच पिकतात, म्हणून तेलाचा हात सढळ असावा असे काही नाही.

पण नुसते खाणे कमी करून भागत नाही, आणि इथे मला एक जुना अभ्यास फार आवडतो. लंडनमध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ साली दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. चालक दिवसभर बसलेला, वाहक दिवसभर जिने चढणारा. वाहकांना हृदयविकार कमी होता. मग मॉरिस यांच्या चमूने या लोकांच्या गणवेशाची मापे तपासली. चालकांच्या पँटी कमरेत मोठ्या निघाल्या. शिंप्याची वही तिथेही कामाला आली! अनेकांना वाटले, उत्तर मिळाले, वाहक बारीक म्हणून वाचले. पण पुढे असे दिसले की बारीक वाहकही सुरक्षित होते आणि जाड वाहकही, त्या त्या अंगाच्या चालकांपेक्षा. कंबर कमी करणे ही एक गोष्ट आणि शरीर हलते ठेवणे ही दुसरी. दुसरीचा फायदा पहिली साधली नाही तरी मिळतो. वजन उतरत नाही म्हणून पंधरा दिवसांत चालणे सोडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तंदुरुस्ती किती घटली हे कळायला यंत्र लागत नाही. पंढरपूरहून परतणारी शेगावची पालखी लोणार, मेहकर, जानेफळ करत खामगावला पोहोचते, आणि तिथून शेगावपर्यंत हजारो लोक तिच्यासोबत चालतात. सोळा-सतरा किलोमीटर. आपल्या आजोबांना ते अंतर बाजारहाटाचे होते. आज पस्तिशीतला माणूस दुसऱ्या दिवशी जिना धरून उतरत असेल, तर त्याच्या मांड्यांनी जबाब दिलेला असतो. घरी करायची परीक्षा आणखी सोपी आहे. भारतीय बैठकीत जमिनीवर बसा आणि हात न टेकता उठा. पन्नाशीच्या आतल्या माणसाला हे जमायला हवे.

जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आठवड्याला १५० मिनिटांचे आहे, दम लागेल पण बोलता येईल अशा वेगाने चालणे, आणि दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असे काम. चालण्याचे लोक ऐकतात, जोराचे सोडून देतात. जन्मापासून स्नायू कमी घेऊन आलेल्या आपल्यासारख्यांना तर जोर अधिकच हवा. बैठका, जोर, पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या उचलून चालणे, यातले काहीही चालेल. गावोगावचे आखाडे ओस पडले आणि त्यांच्या जागी जिम आली, तिथे पोरे दंडाकडे बघतात, मांड्यांकडे कुणी बघत नाही. मुलींचे तर त्याहून अवघड. शाळा सुटली की खेळ सुटतो, लग्नानंतर चालणेही गावाच्या नजरेत येते. पहाटे चार-पाच जणींनी मिळून रस्त्याला निघाले तर ते जमते, हे अनेक गावांत दिसते.

मोजायचे कसे? शिंप्याचा टेप घ्या. सकाळी, अनशापोटी, श्वास सोडून, पोट आत न ओढता, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध. पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८० सेंटिमीटर ही आपल्यासाठीची मर्यादा आहे. पँटचा नंबर धरू नका, कारण पँट पोटाच्या खाली बांधली जाते.

आणि आशाताई घरी येऊन ‘सीबॅक’ नावाचा फॉर्म भरतात, तेव्हा त्यांना टाळू नका. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी तो असतो. समजा ४५ वर्षांचा माणूस आहे. वयाचे २ गुण, कंबर ९६ सेंटिमीटर म्हणून १, आठवड्याला १५० मिनिटांची हालचाल नाही म्हणून १, आईला साखर आहे म्हणून २. एकूण ६. चारच्या वर गेलेल्याला तपासणीसाठी आधी बोलवायचे असते. साखर आणि रक्तदाबाची ही तपासणी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होते. फॉर्ममध्ये कंबरेचा रकाना आहे, तो अंदाजाने भरू देऊ नका. ‘लिहा नव्वद’ म्हणणारे फार असतात. टेप आणायला सांगा, नाहीतर घरातला द्या.