डेटा घणसोलीचा, फोन आईचा

ठाणे-बेलापूर रस्त्याने घणसोलीवरून जाताना रिलायन्स कॉर्पोरेट पार्कचा विस्तीर्ण परिसर लागतो. 5 सप्टेंबर 2016 रोजी सुरू झालेल्या जिओचा कारभार इथून चालतो. त्या वर्षी डेटा इतका स्वस्त झाला की मोबाईल ही घरातल्या मोठ्यांची वस्तू राहिली नाही. महापे, रबाळे, ऐरोलीच्या ज्या औद्योगिक पट्ट्यात पूर्वी कारखान्यांचे भोंगे वाजत, तिथे आता डेटा सेंटर उभी आहेत. याच नवी मुंबईत दिघा आणि तुर्भ्याच्या वस्त्यांत अशी अनेक घरं आहेत, जिथे नववी-दहावीच्या मुलांना अभ्यासासाठी आईचाच फोन मागून घ्यावा लागतो.

सीबीएसईने 2009 मध्येच शाळांना मोबाईल आवाराबाहेर ठेवायला सांगितलं होतं. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि हा नियम एका झटक्यात उलटा झाला. शाळा बंद असल्या तरी शिक्षण सुरू ठेवायचं, हे राज्याचं धोरण ठरलं, आणि सुरू राहिलेलं ते शिक्षण बहुतांशी मोबाईलवरूनच होत होतं. शहरांतले आठवी ते बारावीचे वर्ग पुन्हा भरले ते 4 ऑक्टोबर 2021 रोजी. मधल्या दीड वर्षात वर्गाचे जे व्हॉट्सॲप ग्रुप झाले, ते नंतरही टिकले. गृहपाठ, प्रकल्प, वेळापत्रकातला बदल, सगळं तिथेच येतं. बालभारतीच्या पुस्तकांवरही क्यूआर कोड आहेत. फोन आपण मोठ्यांनीच दप्तरात घातला आहे. मुलांना दोष देण्याआधी एवढं तरी मान्य करायला हवं.

‘प्रथम’ या मुंबईत सुरू झालेल्या संस्थेच्या ‘असर 2024’ अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या 14 ते 16 वर्षांच्या मुलांची पाहणी आहे. स्मार्टफोन वापरता येणारी मुलं 82 टक्के. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरलेली 57 टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरलेली 76 टक्के. चर्चा बहुतेक वेळा याच दोन आकड्यांवर थांबते.

मला मात्र त्याच अहवालातला दुसरा भाग जास्त अस्वस्थ करतो. फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन 36 टक्के मुलग्यांकडे आहे, मुलींमध्ये हेच प्रमाण 27 टक्के. पाहणी ग्रामीण असली तरी हे चित्र शहरातल्या घरांतही ओळखीचं आहे. दादाला दहावीनंतर स्वतःचा हँडसेट मिळतो. ताई आईचा फोन वापरते. व्हिडिओतलं गणित अर्ध्यावर आलं की मावशीचा फोन येतो, तो द्यावा लागतो, आणि फोन परत मिळेपर्यंत जेवणाची वेळ झालेली असते. तिने काय पाहिलं हे घरात चारजण तपासतात. दादाचा फोन कुणी उघडत नाही.

त्याच अहवालात, समाजमाध्यमं वापरणाऱ्या याच वयातल्या मुलांपैकी एखादं खातं ब्लॉक कसं करायचं हे 62 टक्क्यांना माहीत होतं, स्वतःचं प्रोफाइल खासगी कसं ठेवायचं हे 55 टक्क्यांना. म्हणजे त्रास देणाऱ्याला कसं थांबवायचं, हे तीनातल्या एकाला तरी माहीत नाही. अनेक शाळांत संगणकाचा तास असतो. त्यात हे शिकवायला लागणारा अर्धा तास सहज निघेल, आणि सायबर फसवणुकीसाठीचा 1930 व चाइल्डलाइनचा 1098 हे क्रमांक फळ्यावर लिहायला तर खर्चही नाही.

ऑस्ट्रेलियाने 16 वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवायला बंदी केली. आपल्याकडे 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली. कायद्याचा हेतू चांगला आहे. पण ज्या घरात आईचा फोन मुलानेच सुरू करून दिलेला असतो, पासवर्ड त्यालाच पाठ असतो, तिथे आईच्या नंबरवर आलेला ओटीपीही तोच टाकतो.

म्हणून मला सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचा प्रयोग महत्त्वाचा वाटतो. ऑगस्ट 2022 पासून तिथे संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. त्यानंतर दीड तास गावात टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलं अभ्यासाला बसत, मोठी माणसं वाचत किंवा गप्पा मारत. निर्णयाआधी गावातल्या बायकांची सभा झाली. मग अंगणवाडी सेविका, आशाताई, निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन समजावत राहिले. नियम मुलांइतकाच आईवडिलांनाही लागू होता. तो टिकण्याचं मुख्य कारण मला हेच दिसतं.

नवी मुंबईत असा भोंगा लागणार नाही. इथे कुणाचा बाप रात्रपाळीला असतो, कुणाची आई सातला ट्रान्स-हार्बरच्या गाडीत उभी असते, आणि घरी एकट्या मुलाची खुशाली फोनवरूनच कळते. सगळ्या शहराला एक वेळ ठरवता येणार नाही, एका घराला येईल. आठ ते नऊ, जेवायला सगळे असताना, वडिलांचा फोनही दुसऱ्या खोलीत. शाळांनीही गृहपाठ ग्रुपवर टाकायचा असेल, तर तो आधी वर्गात फळ्यावर लिहावा. आईचा फोन ज्या मुलीच्या वाट्याला येत नाही, तिचा गृहपाठ तरी त्यावाचून अडणार नाही.