जुन्या डिझेल मोटारीचा श्वास

गेल्या माघांत आम्ही सहकुटुंब चिरनेरच्या महागणपतीच्या दर्शनास गेलों, तें आमच्या वडिलांच्या जुन्या डिझेल मोटारींतून. गाडी 2004 सालची. पंधरा वर्षांची नोंदणी संपल्यावर 2019 व 2024 सालीं तिची मुदत पांच-पांच वर्षांनीं वाढवून घेतलेली. गांव जवळ येतां येतां गाडींत जळक्या तेलाचा दर्प येऊं लागला. मंदिरापाशीं थांबून पाहतों तों इंजिनावर वंगण ओघळलेलें, आणि वंगण भरण्याचें झांकण काढतांच आंतून भकभक धूर! मुलांस गंमत वाटली. आमचें तोंड मात्र उतरलें. कारण महिन्यापूर्वींच शहरांतील एका गॅरेजवाल्यानें “इंजिन गेलें, बोअर करून नवे पिस्टन घाला, नाहीं तर गाडी भंगारांत द्या,” असा निकाल दिला होता, व त्यावरून घरांत दोन तट पडले होते.

हा धूर येतो कोठून, हें वाचकांनीं समजून घेण्याजोगें आहे. डिझेलच्या इंजिनांत पेट्रोलच्या इंजिनासारखी ठिणगी नसते. हवा मूळच्या सुमारें विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते, त्या दाबानें ती पांचशें अंशांच्याहि वर तापते, आणि तींत फवारलेलें इंधन आपोआप पेटतें. हा दाब राखण्याचें काम पिस्टनभोंवतींच्या रिंगांचें. नव्या इंजिनांतहि थोडा वायु रिंगांच्या सांदींतून खालच्या पोकळींत निसटतोच. यालाच ब्लो-बाय, आणि मिस्त्री लोकांच्या भाषेंत ‘बॅक कॉम्प्रेशन’, म्हणतात. रिंगा झिजल्या किंवा काजळीनें खांचेंत चिकटल्या, किंवा सिलिंडरच्या भिंतीवरील वंगण धरून ठेवणारे बारीक चरे घासून गेले, कीं हें निसटणें वाढतें. मग थंडींत गाडी लवकर सुरू होत नाहीं, चढावर तिला दम राहत नाहीं व वंगण भराभर कमी होतें. या झिजेस धुळीइतकें दुसरें कारण नाहीं. 1989 सालीं न्हावा-शेवाचें बंदर सुरू झाल्यापासून या भागांतील रस्त्यांवर अवजड वाहनांची धूळ किती उडते, हें येथें येणाऱ्यांस सांगावयास नको. आणि आम्ही तर हवेची जाळी दोन वर्षांत बदलली नव्हती!

गांवांतील एक मिस्त्री आला. तोंपर्यंत आमचे काका मुलांस 25 सप्टेंबर 1930 च्या जंगल सत्याग्रहाची व गोळीबाराची हकीकत सांगत बसले होते. मिस्त्र्यानें झांकण उलटें करून भोंकावर नुसतें ठेवलें. तें थरथरलें, पण उडालें नाहीं. मग त्यानें खालच्या पोकळींतील वायु बाहेर नेणारी नळी सोडविली. ती चिखलासारख्या काळ्या गाळानें जवळजवळ बुजलेली होती.

“काका, इंजिन नाय मेला,” तो म्हणाला. “त्याचा दम कोंडलाय.”

निसटलेल्या वायूस वाट न मिळाल्यामुळें पोकळींतील दाब वाढून वंगण जिकडे तिकडे फुटून निघत होतें. ब्रेकचा व्हॅक्यूम पंप बिघडला तरी असाच भास होतो, हेंहि त्यानेंच सांगितलें. मात्र झांकण उडतें कीं नाहीं एवढ्यावरून निकाल देऊं नये. दाब मापून घ्यावा, असा त्याचा आग्रह होता.

त्याप्रमाणें पनवेलीस इंजिन तापवून मापन करविलें. तीन सिलिंडरांत 27, 26 व 27 बार, चौथ्यांत 22. म्हणजे झीज आहे, पण ती एकाच जागीं. काकूंचें म्हणणें गाडी विकावी. काकांचें, आतांच बोअर करावी. आम्ही तूर्त नळी, हवेची जाळी व वंगण बदललें आहे. एक धास्ती मात्र मनांत आहे: ब्लो-बाय फार वाढून वंगण हवेच्या वाटेनें आंत ओढलें गेलें, तर डिझेल इंजिन त्यावरच चालूं लागतें व किल्ली फिरवूनहि थांबत नाहीं. म्हणून चौथा सिलिंडर दिवाळीनंतर पुन्हां मापावयाचा ठरला आहे. काकूंनीं तो दिवस कॅलेंडरवर लाल पेन्सिलीनें मांडून ठेवला आहे.